ब्रिटनमधली जुनी घरं आणि खेड्यातलं लहानपण

ऱ्होंडाकरीण

इंग्लंड-वेल्समधल्या खेड्यांचे फोटो हल्ली सगळीकडे दिसतात. गवताने शाकारलेलं कॉटेज, दारावर चढलेला गुलाब, खिडकीत मांजर. फोटो देखणे असतात, पण तशा जुन्या घरांत लहानाचं मोठं झालेल्या माणसाला त्यात एक गोष्ट हटकून खटकते. धुराड्यातून धूर येत नसतो. आमच्या गल्लीत सकाळी ज्या घराच्या धुराड्यातून धूर दिसला नाही, त्या घराचं दार शेजारी जाऊन ठोठावत. आत कुणीतरी आजारी आहे, हे सांगायला आणखी काही लागत नसे.

माझे वडील १९६१ साली मुंबईहून डॉक्टर म्हणून इकडे आले. एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, १९४८ च्या जुलैत सुरू झालेली, आणि दक्षिण वेल्समधल्या कोळशाच्या खाणींच्या दऱ्यांत जाऊन राहायला इथले तरुण डॉक्टर फारसे राजी नसत. तिथे भारतीय डॉक्टर गेले. आमच्या वाट्याला ऱ्होंडा दरी आली. ज्या आरोग्यसेवेसाठी वडील आले ती उभी करणारे अन्यूरिन बेव्हन त्याच खाणपट्ट्यातले, ट्रेडेगरचे, स्वतः पोरवयात खाणीत उतरलेले. दरीतल्या लोकांना त्यांचं फार अप्रूप होतं आणि त्यातला थोडा आदर डॉक्टर म्हणून वडिलांच्याही वाट्याला यायचा.

आई आणि मी १९६२ च्या शरदात आलो. घर भाड्याचं. डोंगराच्या उतारावर एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या लांबच लांब रांगेतलं एक. भिंती करड्या पेनंट वालुकाश्माच्या, दारं-खिडक्यांच्या कडेने पिवळसर विटा, वर स्लेटचं छप्पर. पुढचं दार थेट फुटपाथवर उघडायचं. पुढची खोली पाहुण्यांची, म्हणजे एरवी बंद. मधली खोली राहायची, मागे भांडी-धुण्याची छोटी जागा, वर झोपायच्या खोल्या. संडास परसाच्या टोकाला. न्हाणीघर नव्हतंच. पत्र्याचा टब मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला असायचा, तो शनिवारी आत यायचा.

आणि आमचा पहिलाच हिवाळा कोणता, तर १९६२-६३ चा! ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी बर्फ पडायला लागलं ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत हटलं नाही. वरच्या खोलीत खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूने बर्फाची नक्षी उमटायची. मी नखाने ती खरवडून बाहेर बघत असे. बाहेरच्या संडासाचा पाइप गोठू नये म्हणून रात्रभर तिथे रॉकेलचा बारका कंदील ठेवायचा. अंथरुणात जाताना कपडे काढायचे नसत, उलट चढवायचे असत.

त्या घरात उबदार जागा एकच, मधल्या खोलीतली फायरप्लेस. पण ती ऊब आपोआप मिळत नव्हती. सकाळी अंधारात उठून आई आधी कालची राख चाळायची. अर्धवट जळलेले कोळसे एका बाजूला, बारीक राख बादलीत. ही राख वाया जात नसे, दारापुढच्या निसरड्या बर्फावर टाकायला लागे. मग वर्तमानपत्राचे पिळे, त्यावर लाकडाच्या चिपा, त्यावर निवडून घेतलेले लिंबाएवढे कोळसे. काडी लावली की फायरप्लेसच्या तोंडावर वर्तमानपत्राचा अख्खा ताव दोन्ही हातांनी ताणून धरायचा. वरून हवा बंद झाली की खालून जोरात ओढली जाते आणि विस्तव भडकतो. कागदामागे घोंघों आवाज सुरू व्हायचा. तावाच्या मधोमध तपकिरी डाग दिसू लागला की तो झटक्यात बाजूला घ्यायचा. क्षणाचा उशीर झाला तर कागदच पेट घेऊन धुराड्यात वर जाई. पाचवारीचा पदर कमरेला खोचून, गुडघे टेकून ताव धरून बसलेली आई मला अजून स्पष्ट दिसते. मुंबईत तिच्या माहेरी गॅस होता.

हे सगळं तिला शिकवलं शेजारच्या आजींनी. अख्खी गल्ली त्यांना बोपा म्हणायची, म्हणून आम्हीही बोपाच म्हणायचो. त्यांचे यजमान खाणीत काम करून दम्याने खंगलेले. रात्री विस्तवावर बारीक कोळशाची भुकटी, चहाचा ओला चोथा आणि बटाट्याच्या साली घालून तो दाबायचा, म्हणजे सकाळपर्यंत आत धुगधुगी राहते, हेही त्यांनीच दाखवलं. त्या बदल्यात काय? काही नाही. एकदा आईने त्यांच्याकडे एक जाड बिडाची सपाट, गोल तबकडी पाहिली. ते लोक तिला बेकस्टोन म्हणतात आणि तिच्यावर मनुका घातलेले वेल्श केक भाजतात. आई बघतच राहिली. घरून आणलेला तवा बोटीच्या प्रवासात तडकला होता. बोपांनी बेकस्टोन तिच्या हातात दिला, आणि त्या संध्याकाळी आमच्या घरी कितीतरी दिवसांनी नीट फुगलेल्या पोळ्या झाल्या. पहिली पोळी लोणी लावून बोपांच्या घरी गेली. त्यानंतर तो बेकस्टोन दोन घरांत फिरत राहिला. सोमवारी मात्र कुणाकडेच भाजणं नसायचं, कारण सोमवार धुण्याचा. शेवटच्या पाण्यात निळीची पुरचुंडी बुडवायची, ती रेकिटचीच. आपल्याकडची रॉबिन नीळही त्याच घराण्यातली, त्यामुळे आईला तेवढी एक वस्तू ओळखीची भेटली.

खाणीत काम करणाऱ्यांना पगाराशिवाय घरासाठी कोळसा मिळायचा. लॉरी यायची आणि टनभर कोळसा दारापुढे रस्त्यावर सरळ ओतून जायची. तो अंधार पडायच्या आत घरातून किंवा मागच्या बोळातून कोळशाच्या कोठीत न्यायचा. घरात धडधाकट माणूस नसेल तर शेजारची मुलं बादल्या घेऊन हजर. बोपांचा कोळसा आम्ही मुलांनी वाहिला आहे. मोठे दगड खाली, बारीक वर, भुकटी वेगळी, असा त्याचाही क्रम असतो. शेवटी रस्ता झाडून, पाण्याने धुऊन काढायचा, कारण दारासमोर काळा डाग राहणं त्या बायकांना अजिबात चालत नसे.

डोंगरावरच्या मेंढ्या सर्रास गल्लीत यायच्या आणि राखेचे डबे उलथे करायच्या. रविवारी सगळी दरी चॅपेलमध्ये. बाहेर उभं राहिलं तरी चार सुरांतलं गाणं ऐकू यायचं. उन्हाळ्यात संडे स्कूलची सहल बॅरी आयलंडला जायची, आणि आम्ही हिंदू असूनही आमच्या नावाची जागा राखलेली असायची. या दरीतल्या लोकांनी पगारातून पेनी-पेनी काढून वर्कमेन्स हॉल बांधले होते, त्यात वाचनालयं होती. माझं इंग्रजी वाचन तिथे सुरू झालं.

आणखी एक आठवण, जी टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. २१ ऑक्टोबर १९६६, शुक्रवार. डोंगरापलीकडच्या ऍबरव्हॅनमध्ये खाणीच्या मातीचा ढीग पावसाने सुटून शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यांतली ११६ मुलं. साधारण माझ्याच वयाची. आमच्या गल्लीतले पुरुष फावडी घेऊन निघाले, रात्रपाळी करून आलेलेही थांबले नाहीत. आमच्या शाळेच्या मागेही तसाच ढीग होता. त्यानंतर कितीतरी दिवस आई मला शाळेच्या फाटकाशी सोडून लगेच घरी परतत नसे. ज्या कोळशाने आमची खोली गरम राहत होती त्याचाच हा दुसरा भाग होता. जुन्या घरांबद्दल बोलताना तो गाळला जातो, याचं मला वाईट वाटतं.

इथे ब्रिटनमध्ये वाढलेले, जुन्या घरात राहणारे किंवा इथल्या कुटुंबात लग्न होऊन आलेले बरेच जण आहेत. तुमच्या आठवणी लिहा. सासू-सासऱ्यांच्या, शेजाऱ्यांच्याही चालतील. फक्त ती घरं चालायची कशी, हे लिहा.

लंडनचा जुना रहिवासी

ताई, डोळ्यांपुढे उभं केलंत. आमचं खेडं नव्हे, शहर, पण घर जुनंच. १९६४ ला वडील लंडनला आले. उत्तर लंडनमधल्या तीन मजली व्हिक्टोरियन घरात खोली, प्रत्येक खोलीत एक कुटुंब, जिन्याच्या वळणावर सगळ्यांत मिळून एक गॅसची शेगडी. ती खोली मिळेपर्यंत बरीच दारं बंद झाली होती. फोनवर 'या' म्हणायचे आणि दार उघडून चेहरा बघितला की 'आत्ताच गेली खोली' म्हणायचे. तेव्हा ते बेकायदेशीरही नव्हतं. १९६५ चा वंशभेदविरोधी कायदा घरभाड्याला लागू नव्हता, तो १९६८ च्या कायद्याने झाला. वडील हे फार शांतपणे सांगायचे, पण दर वेळी सांगायचे.

आमच्याकडे कोळसा नव्हता, पॅराफिनचा हीटर होता. त्याचा वास कपड्यांना, केसांना, दप्तराला. वर्गात कोण कुठल्या घरातून येतो ते वासावरून कळायचं. हीटरच्या ज्योतीमुळे हवेत पाणी साचायचं आणि भिंतींना बुरशी धरायची. आई कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवायची, नाहीतर आतल्या साड्यांवर काळे ठिपके पडत.

गॅसला मीटर. शिलिंग टाकलं की गॅस, संपलं की अंधुक होत होत बंद. भाजी अर्धकच्ची असताना शिलिंग संपणं हा आमच्या घरातला मोठा प्रसंग! म्हणून खिडकीतल्या एका कपात शिलिंगं वेगळी ठेवलेली असत आणि त्यांना कुणी हात लावायचा नाही.

आंघोळीला सार्वजनिक स्नानगृह. पैसे भरून टॉवेल आणि साबणाची वडी घ्यायची, मग लाकडी दारांची रांग. नळाची चावी बाहेर, बाईच्या हातात. आतून नंबर ओरडायचा, 'सात नंबर, थोडं गरम!' वडील म्हणायचे, भारतात गरिबीत राहिलो पण आंघोळीला कधी रांग लावली नव्हती. महिन्यातून कधीतरी महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम असला की त्याआधी ही वारी नक्की. मंडळ १९३२ पासूनचं, आणि तिथे गरम वरण-भात असायचा. आम्हा मुलांना मंडळ म्हणजे तेवढंच माहीत होतं.

चुनखडी

मी सिव्हिल इंजिनिअर, मूळचा वाईचा. गेली काही वर्षं यॉर्कशायर डेल्समध्ये राहतो. घर दगडी, अठराव्या शतकातलं, संरक्षित इमारतींच्या ग्रेड टू यादीतलं, त्यामुळे खिडकी बदलायची तरी परवानगी लागते. आठवणी माझ्याकडे नाहीत, पण ती घरं चालायची कशी, यावर थोडं लिहू शकतो.

त्या घरांतल्या विस्तवाचं काम नुसतं माणसांना ऊब देणं एवढंच नव्हतं. जुन्या भिंतींत पायाशी ओलावा अडवेल असा थर नसतो. जमिनीतलं पाणी दगडांत चढतं. दगडांमधला दर्जा, म्हणजे सांध्यांतलं भरण, मात्र चुन्याचा, आणि चुना पाणी धरतो तसं सोडतोही. आत विस्तव, धुराड्याचा सतत ओढा, खिडक्यांच्या फटी, या सगळ्यातून भिंत वाळत राहायची. पुढे काय झालं, लोकांनी फायरप्लेस विटांनी बुजवल्या, फटी बंद केल्या, आणि बाहेरून चुना काढून सिमेंट भरलं. सिमेंट पाणी सोडत नाही. आता ओलावा दगडातूनच बाहेर पडायला बघतो, थंडीत तो गोठतो, आणि दगडाचा चेहरा पापुद्र्यांनी गळून पडतो. माझ्या घराच्या उत्तरेकडच्या भिंतीला बोटाने घासलं तर वाळू हातात यायची. सिमेंटचा दर्जा छिन्नीने हळूहळू काढून परत चुना भरला. पहिल्याच हिवाळ्यानंतर आतला कुबट वास गेला.

मला हे काम करताना वाईच्या वाड्याची फार आठवण आली. आजोबा सांगायचे की चुना घाण्यात दिवस-दिवस मळायचे. इथल्या कारागिराला ते सांगितलं तर तो काम थांबवून ऐकत राहिला. तिकडे आपण तेच वाडे सिमेंटने लिंपून टाकतोय, हे बघून जीव तुटतो. इथे निदान त्याविरुद्ध बोलणाऱ्यांची परंपरा आहे. विल्यम मॉरिस यांनी जुन्या इमारती जपण्यासाठी १८७७ मध्ये संस्था काढली, ती आजही साध्या घरमालकांना चुन्याचं काम शिकवते.

अवांतर: इकडच्या जुन्या घरांना कधी कधी खिडकीची चौकट दिसते पण आत वीट भरलेली असते. काही ठिकाणी ती नुसती सजावट असते, काही ठिकाणी मात्र खिडक्यांवरच्या करामुळे बुजवलेली. हा कर १६९६ ते १८५१ होता. उजेडावर कर!

पुणेरी वाचक

धागा सुरेख. एक मनापासून विचारतो. एवढी थंडी, एवढी ओल, एवढे कष्ट. मग हे सगळं गोड का वाटतं? की लहानपणीचं असल्यामुळे वाटतं?

ऱ्होंडाकरीण

विचारलंत ते बरं केलंत. मला थंडी गोड वाटत नाही. आईचे हात हिवाळाभर फुटलेले असायचे, त्यात कोळशाची काळी रेघ बसायची आणि ती ग्लिसरीनने निघत नसे. आईला विचारलं असतं तर तिने गॅसचं बटण आनंदाने निवडलं असतं, आणि पुढे निवडलंच. १९७० च्या सुमारास इथल्या तीनांतल्या जेमतेम एका घरात सेंट्रल हीटिंग होतं. आमच्याकडे ते त्यानंतर आलं, त्या दिवशी आईने देवापुढे साखर ठेवली.

मला जे हवंसं वाटतं ते वेगळं आहे. एकच खोली गरम असली की सगळ्यांना तिथेच बसावं लागतं. वडील पेशंटचे कागद तिथेच बघणार, आई तिथेच निवडणार, मी तिथेच अभ्यास करणार, आणि बोपा आल्या तर त्याही तिथेच. घरात कुणी रुसून दुसऱ्या खोलीत गेलं तरी थंडीने परत यावं लागे. हीटिंग आल्यावर महिन्याभरात मी वरच्या खोलीत अभ्यास करायला लागले. दार लावून. आईने तेव्हा काही म्हटलं नाही, पण हाक मारायची सवय तिला कित्येक वर्षं लागली नाही, कारण आधी हाक मारायची गरजच नसे.

आणि १९७२ च्या फेब्रुवारीत खाणकामगारांच्या संपात वीज जायची तेव्हा दरीतली घरंच उबदार होती, कारण कोठीत कोळसा शिल्लक होता. संपकऱ्यांच्या घरचा कोळसा मात्र संपत आला की मुलं डोंगरावरच्या टाकाऊ ढिगांतून तुकडे वेचून आणायची. त्यांत माझ्या वर्गातली मुलं होती.

नॉरफोकची सून

माझ्या सासूबाई १९४० च्या दशकात नॉरफोकच्या एका लहानशा गावात वाढल्या. काल त्यांच्याशी तासभर बोलले, हा धागा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, 'आमच्याकडे कोळसा विकत, म्हणून आम्ही लाकूड जाळायचो.' त्यांच्याच शब्दांत थोडं सांगते.

घर क्ले लंपचं. म्हणजे मातीत गवत मिसळून उन्हात वाळवलेल्या मोठ्या विटा, वरून चुना. छप्पर रीड नावाच्या उंच गवताने शाकारलेलं. पाणी गावच्या पंपावरचं, दोन बादल्या आणि खांद्यावर आडवं लाकूड. पंप गोठला की जळता कागद धरून तो सोडवायचा. वीज त्यांच्या गल्लीत आली तेव्हा त्या शाळा सोडून कामाला लागल्या होत्या. आई दिव्याखाली बसून पहिल्यांदा घराचे कोपरे बघत होती आणि दुसऱ्या दिवशी तिने सगळं घर घासून काढलं, असं त्या सांगतात.

संडास बागेच्या टोकाला, लाकडी फळीला दोन भोकं, एक मोठ्यांचं, एक मुलांचं. खाली बादली. ती वडील अंधार पडल्यावर बागेत खड्डा करून पुरायचे, दर वेळी नवी जागा. शेंगा त्या बाजूच्या सगळ्यात लांब यायच्या, आणि गावच्या प्रदर्शनात बक्षीसही मिळायचं. हे त्या अगदी अभिमानाने सांगतात. वर्तमानपत्राचे चौकोन कापून खिळ्याला लावायचं काम त्यांचं, आणि गोष्टीचा अर्धा भाग कुठल्या चौकोनावर गेला ते शोधत त्या थंडीत बसून राहायच्या.

दुधाच्या बाटल्या दारात आल्या की निळ्या टिट पक्ष्यांची जोडी येऊन बुचाची पन्नी फोडून वरची साय खायची. म्हणून बाटल्यांवर कप उपडे घालायचे. शाळेत एक तृतीयांश पिंटची बाटली फुकट मिळायची, हिवाळ्यात ती रेडिएटरजवळ ठेवल्याने कोमट व्हायची आणि त्यांना ते दूध अजिबात आवडत नसे. मिठाईवरचं रेशन १९५३ च्या फेब्रुवारीत उठलं, त्या दिवशी गावातल्या दुकानात रांग लागली होती ती त्यांना लख्ख आठवते.

पण मला सगळ्यात लागून राहिली ती गोष्ट वेगळीच. ते घर त्यांचं नव्हतं. वडील शेतमजूर, घर शेतमालकाचं, नोकरीबरोबर मिळालेलं. नोकरी गेली की घर गेलं. वडिलांची पाठ कामातून गेली तेव्हा त्यांना ते सोडावं लागलं, आईने पडदे काढले आणि बागेतले कांदे उपटून पोत्यात भरले, कारण ते तरी त्यांचे होते. अशा शेतमजुरांना घरात राहण्याचं संरक्षण कायद्याने मिळालं ते १९७६ मध्ये. सासूबाईंच्या वडिलांना त्याचा उपयोग नव्हता.

आता तेच घर आठवडाभराच्या सुट्टीसाठी भाड्याने देतात. मालक चांगले आहेत, आम्ही गेलो तेव्हा त्यांनी आत बोलावलं. पंप रंगवून अंगणात ठेवलाय. पण त्या गल्लीत बाराही महिने राहणारी घरं आता मोजकी, दुकान बंद, शाळा बंद. रेल्वे तर आमच्या भागात डॉक्टर बीचिंग यांच्या, रेल्वेमार्ग बंद करायला सांगणाऱ्या १९६३ च्या अहवालाची वाट न बघताच गेली, उत्तर नॉरफोकची बरीचशी लाइन १९५९ लाच बंद झाली होती. गावात जन्मलेल्या पोरांना तिथे घर परवडत नाही. गुलाब मात्र छान फुललेत.

भटकी

स्कॉटलंडमधल्या लुईस बेटावर आर्नोलला ४२ नंबरचं ब्लॅकहाउस बघितलं होतं, ते आठवलं. जाड दुहेरी दगडी भिंती, मध्ये माती, खोलीच्या मधोमध जमिनीवर पीटचा, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या ढेकळांचा विस्तव आणि धुराडं नाहीच. धूर गवती छपरातून झिरपत जायचा. गुरं त्याच छपराखाली. काजळी धरलेलं गवत पुढे शेतात खत म्हणून घालायचे. तिथे १९६६ पर्यंत माणसं राहत होती, हे ऐकून मी गप्प झाले. अजूनही आत विस्तव पेटता ठेवतात. डोळे चुरचुरतात, पण पाच मिनिटांत अंग शेकून निघतं.

कोयनाकाठ

मी जावळी खोऱ्यातला, आता मँचेस्टरला. आमचं गाव कोयनेच्या शिवसागरात गेलं. मी तेव्हा जन्मलो नव्हतो, पण वडील आयुष्यभर 'आपलं गाव' म्हणताना पाण्याकडे हात करायचे.

इथे आल्यावर वेल्समध्ये फिरताना रस्त्याकडेला लाल रंगवलेल्या एका पडक्या भिंतीवर पांढऱ्या अक्षरांत 'कोविउख ड्रवेरिन' लिहिलेलं बघितलं, म्हणजे ट्रवेरिनची दरी विसरू नका. चौकशी केली. तिथलं कापेल केलिन नावाचं वेल्श बोलणारं गाव, लिव्हरपूलला पाणी हवं म्हणून १९६५ मध्ये बुडवलं. शाळा, चॅपेल, पोस्ट, शेतवाड्या सगळं गेलं. १९५७ च्या कायद्याच्या बाजूने एकाही वेल्श खासदाराने मत दिलं नव्हतं, तरी तो झाला. लिव्हरपूलच्या नगरपालिकेने माफी मागितली ती २००५ मध्ये.

मी ते वडिलांना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ विचारत राहिले, देऊळ हलवलं का, थडगी हलवली का, जमीन दिली का, ती कुठे दिली. मला सगळी उत्तरं माहीत नव्हती, मग मी पुन्हा गेलो. चॅपेलच्या दगडांतून पाण्याकाठी एक छोटं स्मारक-चॅपेल बांधलंय. काही थडगी हलवली, बाकीची काँक्रीटखाली पाण्यात राहिली. वडिलांना फोटो पाठवले. माफी मागितली हे त्यांनी तीनदा वाचून घेतलं. आमच्याकडच्या धरणग्रस्तांतल्या किती जणांना अजून जमिनीसाठी खेपा घालाव्या लागतात, ते इथे लिहीत नाही, वेगळा धागा होईल. पण लिहिणार आहे.

ऱ्होंडाकरीण

कोयनाकाठ दादा, जरूर लिहा. आणि आमच्याकडचीही अशीच एक जखम सांगते. ऍबरव्हॅनच्या दुर्घटनेनंतर लोकांनी जगभरातून मदतनिधी पाठवला. उरलेले ढीग हलवण्यासाठी सरकारने त्याच निधीतून दीड लाख पौंड काढून घेतले. ते परत दिले १९९७ मध्ये. बोपा तोवर राहिल्या नव्हत्या, पण त्यांची मुलगी त्या दिवशी मला फोन करून रडली.

चुनखडी यांनी मला निरोप पाठवून विचारलंय की अशी घरं आतून कुठे बघता येतील. कार्डिफजवळ सेंट फॅगन्सचं संग्रहालय आहे, १९४८ पासूनचं, प्रवेश फुकट. वेल्सभरातली घरं दगड-दगड सुटा करून तिथे आणून उभारली आहेत. मर्थर टिडविलमधल्या रिद-इ-कार नावाच्या कामगारवस्तीतली सहा घरांची एक रांग आहे. सहाही घरं एकसारखी, पण प्रत्येक घर वेगळ्या काळाप्रमाणे लावलेलं, १८०५, १८५५, १८९५, १९२५, १९५५ आणि १९८५. मागच्या परसबागाही त्या त्या काळाच्या. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जा, विस्तव खोलीत कसा कसा बदलत गेला ते समजेल. मुलांना घेऊन जा, आणि घाई करू नका. जमलं तर हिवाळ्यात जा, काही घरांत विस्तव पेटवलेला असतो.

नॉरफोकची सून, सासूबाईंना माझा नमस्कार सांग. कांद्यांची गोष्ट वाचून मी उठून आत जाऊन आले.

नॉरफोकची सून

सांगितला ताई. त्या विचारताहेत की तुमच्याकडे धुराडं साफ करायला माणूस यायचा का, की त्यांच्या आजोबांसारखं कुणीतरी होली नावाचं काटेरी पानांचं झुडूप दोरीला बांधून वरून ओढायचं?

ऱ्होंडाकरीण

आमच्याकडे माणूस यायचा, दांड्याला दांडा जोडत ब्रश वर न्यायचा. आम्ही मुलं रस्त्यावर उभी राहून ब्रश वर निघाला की ओरडायचो. काजळी बोपांच्या बागेत, एक हिवाळा उघड्यावर ठेवून मग कांद्यांना. सासूबाईंना हे पटेल!

भटकी

एक शंका. लंडनचे जुने रहिवासी, १९७१ मध्ये इकडे दशमान नाणी आली ना? मग शिलिंग टाकायच्या त्या मीटरचं काय झालं?

लंडनचा जुना रहिवासी

चांगला प्रश्न. १५ फेब्रुवारी १९७१ ला बदल झाला, तेव्हा एका पौंडात वीस शिलिंग, म्हणजे एका शिलिंगचे बरोबर पाच नवे पेन्स. पाच पेन्सचं नाणं शिलिंगाच्याच आकाराचं आणि वजनाचं काढलं होतं, म्हणून ते मीटरमध्ये चालायचं, आणि जुनी शिलिंगंही पाच पेन्स म्हणून १९९० पर्यंत चलनात होती. भाव वाढले तशी पुढे मोठ्या नाण्यांची मीटरं आली. आमच्या खोलीतलं मीटर मात्र आम्ही ती खोली सोडेपर्यंत तेच होतं, आणि खिडकीतल्या कपात दोन्ही नाणी मिसळून पडलेली असत.